न्यूक्लिअर रिसेप्टर औषधे आणि हाडाचा कर्करोग

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग बहुधा 10 ते 20 वर्षे वयात, गुडघ्याजवळ होतो. न्यूक्लिअर रिसेप्टर म्हणजे पेशीतली, जनुके चालू-बंद करणारी प्रथिने. त्यांच्यावर काम करणारी काही औषधे या कर्करोगाच्या पेशींची वाढ मंद करतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. रुग्णांसाठी मात्र तो अजून प्रस्थापित उपचार नाही.

कार्य : माणसात असे 48 रिसेप्टर आहेत. औषध रिसेप्टरच्या पोकळीत बसले की रिसेप्टरचा आकार बदलतो, जनुके दाबून धरणारी प्रथिने सुटतात आणि ती चालू करणारी प्रथिने जोडली जातात. पीपीएआर-गॅमा आणि जीवनसत्त्व ड चा रिसेप्टर हे आरएक्सआर या तिसऱ्या रिसेप्टरशी जोडी करून डीएनएवर बसतात. मग पी21 सारखी, विभाजनाला लगाम घालणारी प्रथिने वाढून पेशीचे विभाजन जी1 या सुरुवातीच्या टप्प्यात अडते. अर्धवट वाढीत अडकलेली पेशी पक्व होऊ लागते. अल्कलाइन फॉस्फेटेज या हाड घडवणाऱ्या पेशींतल्या विकराचे (एन्झाइमचे) वाढते प्रमाण ही त्याची खूण. शिकागोतील संशोधकांनी 2002 मध्ये ट्रोग्लिटाझोन (पीपीएआर-गॅमावर काम करणारे मधुमेहाचे औषध) आणि 9-सिस रेटिनॉइक आम्ल (आरएक्सआरवर काम करणारे) प्रयोगशाळेतल्या पेशींवर एकत्र वापरले, तेव्हा परिणाम एकेकट्यापेक्षा ठळक दिसला.

अडचणी : खरी अडचण मात्रेची आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशींना दिलेली मात्रा बहुतेकदा रक्तात गाठता येणाऱ्या पातळीपेक्षा जास्त असते. सांगलीच्या हळदीबद्दल घरोघरी विचारले जाते, तिथेही हेच आडवे येते: हळदीतले कर्क्युमिन जीवनसत्त्व ड च्या रिसेप्टरला चिकटते, पण आतड्यातून फारच कमी शोषले जाते. ट्रोग्लिटाझोन यकृताला इजा करत असल्याने अमेरिकेत 2000 मध्ये बंद झाले. त्याच गटातले पायोग्लिटाझोन मधुमेहात दिले जाते, पण ते अस्थिमज्जेतील मूळ पेशींना चरबीकडे वळवते. वाढत्या मुलाच्या हाडासाठी हे काळजीचे आहे. आरएक्सआरवरच्या बेक्सारोटीनने रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी चढते आणि थायरॉइड मंदावते. कॅल्सिट्रिऑलने (जीवनसत्त्व ड चे सक्रिय रूप) रक्तातले कॅल्शियम वाढते. म्हणून घरातल्या मधुमेहाच्या गोळ्या रुग्णाला परस्पर देऊ नयेत.

सध्याचा उपचार : मेथोट्रेक्झेट, डॉक्सोरुबिसिन व सिस्प्लाटिन यांची केमो, मग शस्त्रक्रिया, पुन्हा केमो. काढलेल्या गाठीतील 90 टक्के किंवा अधिक पेशी मेलेल्या आढळल्या तर प्रतिसाद चांगला मानतात.

सातारा-सांगलीच्या तालमींत गुडघादुखी नवी नाही, त्यामुळे निदान लांबते. रात्री वाढणारे दुखणे आणि हाडालगतची कडक सूज असेल तर चोळणे, मालीश थांबवून आधी एक्स-रे काढावा. मिरज किंवा कराडला दाखवताना बायोप्सी (तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणे) पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदाकडूनच, किंवा त्यांच्या सल्ल्यानेच करून घ्यावी. बायोप्सीची सुई किंवा छेद ज्या वाटेने गेला ती वाटही गाठीसोबत काढावी लागते. छेद चुकीच्या जागी गेला तर पाय वाचवणे अवघड होते.