जॅकार्डचं कार्ड आणि जीएसएमचा रकाना

मागच्या पावसाळ्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात बसलो होतो. खरेदी, स्टॉक, उत्पादन, बिलिंग सगळं एकाच ठिकाणी ठेवणारं जे सॉफ्टवेअर असतं, ज्याला ईआरपी म्हणतात, ते त्यांच्याकडं नवीन बसवलं होतं आणि त्यात त्यांच्या धंद्याप्रमाणं बदल करून द्यायचं काम माझ्याकडं होतं. ऑर्डर भरणाऱ्या ताईंनी हाक मारली, "सर, हे बघा की जरा. मी डझनाचं वजन साडेपाच किलो टाकलं की हे आपोआप पाच पॉइंट चार नऊ करायलंय. पार्टीनं साडेपाच सांगितलंय, मी पाच पॉइंट चार नऊ कसं छापू?"

बघितलं तर खरंच तसं होत होतं. ५.५० टाइप करायचं, टॅब दाबायचा, की डोळ्यासमोर ५.४९. त्याचं उत्तर खाली सांगतोच, पण त्याआधी स्क्रीनवरचा एक साधा रकाना, ज्याला आपण फील्ड म्हणतो, त्याच्या मागं काय काय चालतं ते बघू, कारण सोलापुरात आता कितीतरी कारखान्यात, अडतीवर, दवाखान्यात असली सॉफ्टवेअर आलीत आणि रोज त्यावर बसणाऱ्या माणसाला "सिस्टीम तशीच आहे" एवढंच उत्तर मिळतं, आणि ते उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. सिस्टीम तशी नसते, कुणीतरी तशी केलेली असते.

ही कल्पना सोलापूरकराला समजवायला मला कॉम्प्युटर लागतच नाही, माग पुरतो. चादरीवर मोर येतो, फुलं येतात, नावं येतात, ते सगळं जॅकार्डवर. जुन्या जॅकार्डला पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ असते. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी. कार्डावर जिथं भोक आहे तिथला हुक वर जातो आणि त्याला बांधलेला उभा धागा उचलला जातो, जिथं भोक नाही तिथला धागा खालीच राहतो. डिझाइन बदलायचं तर मागाला हात लावत नाहीत, कार्डांची माळ बदलतात. फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास हे यंत्र आणलं. पुढं पंच कार्डाचीच कल्पना हर्मन हॉलेरिथनं अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत आकडे मोजायला वापरली, त्याची कंपनी इतर कंपन्यांत मिळून १९२४ मधे आयबीएम या नावानं ओळखली जायला लागली, आणि त्याच आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ मधे जर्मनीत एसएपी काढली, म्हणजे आज मोठमोठ्या कंपन्या ज्याच्यावर चालतात ते ईआरपी. मागावरून निघालेली गोष्ट फिरून परत मागाच्या कारखान्यात आली, मला हे दर वेळी सांगताना भारी वाटतं.

तर ईआरपी म्हणजे माग, आणि आपल्या धंद्याचे नियम म्हणजे कार्डांची माळ.

आता प्रत्येक रकान्याला काही गोष्टी जन्मतःच असतात. त्यात अक्षर बसतं का आकडा का तारीख, तो भरलाच पाहिजे का, रिकामा सोडला तर काय धरायचं, दिसतो का लपवलेला आहे, बदलता येतो का नुसता वाचता येतो. याच्यासाठी कोड लागत नाही, सेटिंगमधे टिक केलं की झालं, आणि "निर्यात" निवडलं तरच बंदराचा रकाना दिसावा इतपत गोष्टीसुद्धा बऱ्याच सॉफ्टवेअरमधे एका ओळीच्या अटीत होतात. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, त्यात हे घरी बसून फुकट करून बघता येतं. माझं मत विचाराल तर जे सेटिंगनं होतंय त्याला कोड लिहूच नये, कारण लिहिलेली प्रत्येक ओळ पुढं कुणालातरी सांभाळावी लागते.

कोड लागतो तो रकान्यानं विचार करायचा असतो तेव्हा. सॉफ्टवेअर ठराविक क्षणी हाक मारतं, म्हणजे फॉर्म उघडला, रकान्यातली किंमत बदलली, सेव्ह दाबलं, बिल फायनल केलं, आणि त्या त्या क्षणाला आपण आपला छोटा कोड टांगून ठेवू शकतो. याला इव्हेंट म्हणतात. किंमत बदलली की जी हाक येते तिला ऑनचेंज म्हणायची पद्धत आहे.

आता ताईंचा प्रश्न. टॉवेलच्या धंद्यात जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. ७५ बाय १५० सेंटीमीटरचा टॉवेल म्हणजे १.१२५ चौरस मीटर, ४०० जीएसएम असेल तर एक नग ४५० ग्रॅम आणि डझन ५.४ किलो. काही पार्टी जीएसएम सांगतात, काही डझनाचं वजन सांगतात, म्हणून कुणीतरी दोन्ही बाजूनं कोड लावला होता: जीएसएम बदलला की वजन काढ, वजन बदललं की जीएसएम काढ. ऐकायला छानच वाटतं. ताईंनी ५.५ किलो टाकलं, कोडनं जीएसएम काढला, तो आला ४०७.४०७ आणि पुढं चालूच, पण जीएसएमच्या रकान्यात पूर्ण आकडाच बसतो म्हणून झाला ४०७. आता जीएसएम "बदलला" म्हटल्यावर दुसऱ्या कोडला हाक गेली, त्यानं ४०७ वरून वजन काढलं, ५४९४.५ ग्रॅम, दोन दशांशात ५.४९. माणसानं टाइप केलेला आकडा मशीननं खोडला, आणि कुठंही लाल अक्षरात एरर नाही! आकडे इथं येऊन थांबले म्हणून बरं, राउंडिंग थोडं वेगळं असतं तर दोन रकाने एकमेकाला हाका मारत बसले असते आणि स्क्रीन अडकली असती, ते पण मी बघितलंय.

उपाय काय? दोन्हीतला मालक कोण ते ठरवायचं. आम्ही वर एक निवड ठेवली, "पार्टीनं काय सांगितलं: जीएसएम का वजन", आणि जे सांगितलं तो रकाना माणसाचा, दुसरा फक्त मोजलेला, करड्या रंगाचा, हात न लावता येणारा. कोड आधीपेक्षा कमी झाला. ताईंनी ५.५० टाकून टॅब दाबला, ५.५० तसंच राहिलं.

पण खरी अडचण वेगळीच असते आणि ती मी स्वतः केलेल्या कामात शिकलो. दुसऱ्या एका ठिकाणी मी जीएसएमला मर्यादा घातली होती, त्यांचा माल २०० ते ९०० च्या मधेच असतो म्हणून त्याच्या बाहेर गेलं की मेसेज यायचा आणि सेव्ह व्हायचं नाही. सगळ्यांनी करून बघितलं, छान चालतंय म्हणाले. महिनाभरानं ट्रान्सपोर्टच्या अंदाजात एका मालाचं वजन दहापट आलं. आयटमवर जीएसएम ४५००. नियम तर होता, मग आत कसं गेलं? एक्सेलमधून! नवीन आयटमची यादी कुणीतरी एक्सेलमधून एकदम चढवली होती, आणि माझा कोड होता ब्राउझरच्या फॉर्मवर. एक्सेल चढवताना फॉर्म उघडतच नाही, त्यामुळं ऑनचेंजची हाक पण जात नाही. मोबाईल ॲप, दुसऱ्या सॉफ्टवेअरनं थेट पाठवलेला डेटा, सगळ्यांचं तेच.

म्हणून मी आता घराचं उदाहरण देतो. स्क्रीनवरचा कोड म्हणजे पुढच्या दारात उभा असलेला माणूस, तो आल्यागेल्याला विचारतो, मदत करतो, चूक लगेच दाखवतो. पण घराला मागचं दार आहे, गच्ची आहे. सर्व्हरवर, म्हणजे डेटा खरोखर साठवण्याच्या क्षणी जो नियम लावतो तो तिजोरीचं कुलूप आहे, कुठल्याही दारातनं या, तिथून जावंच लागतं. आकडा चुकला तर पैसे जातात असा प्रत्येक नियम सर्व्हरवर पाहिजेच, स्क्रीनवरचा असला तर सोय म्हणून चांगलाच. बेल्जियमच्या ओडू या सॉफ्टवेअरमधे तर हे दोन प्रकार सरळ वेगळ्या नावानं आहेत, फॉर्मपुरता ऑनचेंज वेगळा आणि साठवताना लागणारा कन्स्ट्रेंट वेगळा, तरी लोक सगळं ऑनचेंजमधे कोंबतात कारण ते डोळ्याला लगेच दिसतं.

जीएसटी नंबरचा रकाना हे या सगळ्याचं माझं आवडतं उदाहरण. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून नोंदणी असलेल्या धंद्याच्या बिलावर हा १५ अक्षरांचा नंबर. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगणा ३६. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. तेरावं त्याच पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी ते, चौदाव्या जागी बहुतेक झेड, आणि पंधरावं अक्षर चेक डिजिट. हे शेवटचं अक्षर कुणी मनानं देत नाही, आधीच्या चौदावरून गणितानं निघतं. ० ते ९ ला तीच किंमत, एला १०, बीला ११, असं झेडला ३५. मग एक सोडून एक अक्षराची किंमत दुप्पट करायची, आणि आलेल्या प्रत्येक आकड्याला ३६ नं भागून भागाकार आणि बाकी यांची बेरीज घ्यायची. एन म्हणजे २३, दुप्पट ४६, ४६ मधे ३६ एकदा जातो आणि बाकी १०, म्हणून ११. अशी चौदाची बेरीज करून, ती ३६ च्या पुढच्या पटीत जायला जेवढे कमी पडतात ते पंधरावं अक्षर.

याचा फायदा असा की एक अक्षर चुकलं तर हमखास पकडलं जातं, शेजारची दोन अक्षरं उलटी झाली तरी जवळजवळ नेहमी. वीसेक ओळींचा कोड आहे, इंटरनेट नसलं तरी चालतो. सोलापुरातून विजयपूर, कलबुर्गी, हैदराबादकडं माल जातो, फोनवर कन्नड तेलुगू मराठी मिसळून नंबर सांगितले जातात, बी का डी का पी हे कळत नाही, अशा ठिकाणी हा रकाना पार्टी फोनवर असतानाच सांगतो की नंबर परत विचारा. फक्त एक लक्षात ठेवायचं, गणित बरोबर आलं म्हणजे नंबर नीट लिहिलाय एवढंच कळतं, ती नोंदणी चालू आहे का रद्द झालीय हे जीएसटीच्या पोर्टलवरच कळणार.

याच नंबरचे पहिले दोन आकडे घेऊन लोक अजून एक कोड लिहितात, २७ असेल तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यातल्या विक्रीचे कर, नसेल तर आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा. नव्वद टक्के कामाला हे ठीक वाटतं, आणि म्हणूनच धोक्याचं. कर ठरतो पुरवठ्याच्या ठिकाणावरून, आणि ते ठिकाण दर वेळी पार्टीच्या नंबरमधल्या राज्यातच असतं असं नाही. मी पुरवठ्याच्या राज्याचा रकाना वेगळाच ठेवतो, नंबरवरून तो आपोआप भरतो पण अकाउंटंटला बदलता येतो, आणि कर त्या रकान्यावरून काढतो.

पैशाच्या रकान्याबद्दल थोडक्यात. कॉम्प्युटर आकडे दोनच्या पायावर ठेवतो, आणि आपल्याला जसं एक तृतीयांश ०.३३३ असं न संपणारं लिहावं लागतं तसं त्याला ०.१ न संपणारं होतं. म्हणून ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमधे ०.१ अधिक ०.२ केलं तर उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. एका बिलात कळत नाही, पण "बेरीज बरोबर आहे का" असं सरळ बरोबरीनं तपासणारा कोड लिहिला की बरोबर असलेलं बिल पण अडतं. रक्कम डेसिमल, म्हणजे दहाच्या पायावरच्या, प्रकारात ठेवायची नाहीतर रुपयाऐवजी पूर्ण पैशात मोजायची, राउंडिंग कुठल्या टप्प्यावर ते अकाउंटंटला विचारूनच.

आणि मेसेज! "इनव्हॅलिड व्हॅल्यू" असा मेसेज देणाऱ्या कोडवर माझा खरंच राग आहे. समोर बसलेल्या माणसाला कळायला पाहिजे काय चुकलं आणि काय करायचं. "जीएसएम २०० ते ९०० मधे पाहिजे, तुम्ही ४५०० टाकलाय, एक शून्य जास्त पडलंय का बघा." याला पाच मिनिटं जास्त लागतात आणि मला येणारे फोन निम्म्यावर येतात.

परत मागाकडं येतो. कधीकधी घाईत कुणीतरी मागच कापतं, म्हणजे सॉफ्टवेअरची मूळ फाइल उघडून त्यातच दोन ओळी घालतं. त्या दिवशी काम होतं. एसएपीमधे गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या प्रोग्रामचं नाव झेड नाहीतर वायनं सुरू करायची पद्धत आहे ती यासाठीच, की कंपनीचं अपडेट आलं तरी त्या नावांना धक्का लागू नये, बाकीच्या सॉफ्टवेअरमधेही आपला कोड वेगळा ठेवायची जागा दिलेली असते. टॉवेलच्या त्या कारखान्यात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, आठवड्यात अपडेट चढवलं, होम मैदानावर पाळणे लागलेले, अर्धा स्टाफ यात्रेत, आणि इकडं चलनावर, म्हणजे मालाबरोबर जाणाऱ्या कागदावर, गाठोड्यांचा रकाना रिकामा छापून यायला लागला. जीएसएम, वजन, जीएसटी नंबर सगळं जागेवर होतं, हे एकच गेलं होतं, कारण तेवढंच कुणीतरी मूळ फाइलमधे लिहिलेलं आणि अपडेटनं ती फाइल नवी करून टाकली. दोन दिवस ताईंनी गाठोड्यांचे आकडे चलनावर पेनानं लिहिले. बॅकअपमधून त्या दोन ओळी शोधल्या, वेगळ्या स्क्रिप्टमधे टाकल्या, सेव्हच्या इव्हेंटला टांगल्या आणि वरती कॉमेंट लिहिली: कुणाच्या सांगण्यावरून, कुठल्या तारखेला, कशासाठी. मग ताईंना म्हटलं एक चलन काढून बघा. गाठोडी १४, छापून आलं.