बुरशीची २३ हजार ‘लिंगं’? जरा थांबा

मेलेल्या लाकडावर एक छोटीशी पांढुरकी अळंबी उगवते, नाव स्किझोफायलम कम्यून. हिला २३ हजारांवर लिंगं आहेत असं नेटवर अधूनमधून फिरत असतं. आकडा बरोबर आहे, घोळ शब्दाचा आहे. बुरशीतला एखादा जीव नर किंवा मादी नसतोच, त्याला असतो मेटिंग टाइप, म्हणजे ठरावीक जीन्सचं एखादं व्हर्जन. जोडी जमायला अट एवढीच की समोरच्याचं व्हर्जन वेगळं हवं.

यीस्टमध्ये असे दोनच टाइप, ए आणि अल्फा. चालत जाऊन भेटायची सोय नाही, म्हणून दोघंही केमिकल सोडतात (अल्फाचं जेमतेम १३ अमिनो आम्लांचं!) आणि ते जाणवलं की समोरची पेशी विभाजन थांबवते, जिकडून केमिकल जास्त येतंय तिकडे एक टोक काढत लांबट होत जाते, टोकाला टोक भिडलं की मधली भिंत विरघळते आणि दोन्ही केंद्रकं एक होतात. आणि आसपास दुसरा टाइपच नसेल तर? बऱ्याच यीस्ट पेशी चक्क स्वतःचा टाइप बदलतात. दुसऱ्या टाइपची कॉपी त्याच क्रोमोसोमवर बंद करून ठेवलेली असते, ती चालू जागेवर आणून बसवली की काम झालं.

आता त्या अळंबीकडे. तिच्यात मेटिंग टाइप ठरवणाऱ्या जीन्सच्या चार जागा आहेत, व्हर्जन्स अनुक्रमे ९, ३२, ९ आणि ९, गुणाकार २३,३२८. पहिल्या दोन जागा मिळून एक जोडी, पुढच्या दोन मिळून दुसरी, आणि जमायला दोन्ही जोड्यांत निदान एकेका जागी फरक लागतो. त्यामुळे एकाच अळंबीच्या बीजाणूंचं आपापसात साधारण चारातून एकदाच जमतं, परक्याशी मात्र जवळपास नेहमीच. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वेगळीच वाटते: दोन बुरशींचे धाग्यासारखे तंतू जुळले तरी केंद्रकं लगेच एक होत नाहीत, प्रत्येक पेशीत दोन-दोन शेजारी राहतात, जोडीनेच वाढतात, आणि थेट अळंबी उगवल्यावर बीजाणू बनायच्या आधी एकत्र येतात.

माणसाच्या फुफ्फुसांना त्रास देणारी ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी तर कित्येक वर्षं बिनलैंगिकच समजली जायची. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिचे दोन टाइप ओटमीलच्या माध्यमावर, ३० अंश तापमानात, अंधारात सहा महिने एकत्र ठेवले तेव्हा कुठे जमलं. डॉक्टरांच्या दृष्टीने ही काही चांगली बातमी नाही, कारण जीन्सची अशी अदलाबदल होत असेल तर औषधाला दाद न देण्याचा गुणही त्यातून पसरू शकतो.