मुलगा असून गेममध्ये मुलगी का घेतोस?

"दादा, तू मुलगी का घेतलीस?" धाकट्या भावाने मागे उभं राहून हे विचारलं तेव्हा मी मास इफेक्ट या गेममध्ये कमांडर शेपर्डचं, म्हणजे पुरुष किंवा बाई कसंही घेता येणाऱ्या मुख्य कॅरेक्टरचं, नाक नीट करत बसलो होतो आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे धड उत्तरच नव्हतं. मग सगळे देतात ते दिलं, की पुढचे पन्नास तास कोणालातरी पाठमोरं बघायचंच आहे तर मग... वगैरे.

उत्तर फालतू वाटतं, पण अगदीच फालतू नाहीये. अशा गेममध्ये कॅमेरा कॅरेक्टरच्या पाठीमागे असतो, त्यामुळे ती व्यक्ती आपण असण्यापेक्षा आपण तिला बघतच जास्त असतो. कोणाला कॅरेक्टर म्हणजे आरसा वाटतो, कोणाला कळसूत्री बाहुली. मी बाहुलीवाला.

आणि हो, गेम समोर काय ठेवतो यानेही फरक पडत असणार. मास इफेक्ट 3 च्या वेळी बायोवेअर कंपनीने आकडे दिले होते, 82 टक्के लोकांनी पुरुष शेपर्ड घेतला, 18 टक्क्यांनी बाई. आता बघा, पुरुष शेपर्डचा चेहरा मार्क वँडरलू या डच मॉडेलवरून बनवलेला, जाहिरातीत तोच, बॉक्सवर तोच. बाईला तसा खास घडवलेला चेहरा मिळाला थेट तिसऱ्या भागात. 2021 मध्ये तिन्ही भाग नव्याने एकत्र आले, हा चेहरा तिन्हीत दिला, तेव्हा बाई निवडणारे झाले 32 टक्के. चेहऱ्यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, मधल्या काळात खेळणारेही बदलले असतील, पण डिफॉल्टला हात न लावता पुढे जाणारे किती असतात हे आपल्याला आपल्या फोनच्या रिंगटोनवरून माहिती आहेच.

मला सगळ्यात भारी वाटलेला अभ्यास मात्र 2014 चा. संशोधकांनी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम खेळणाऱ्या 375 लोकांना एक खास बनवलेला क्वेस्ट, म्हणजे गेममधली मोहीम, खेळायला दिला आणि कोण कसं चालतं, कसं बोलतं हे सगळं टिपलं. 23 टक्के पुरुषांनी बाईचं कॅरेक्टर घेतलं, उलट करणाऱ्या बायका फक्त 7 टक्के. बाई घेतलेले पुरुष चॅटमध्ये जास्त भावनिक बोलत होते, उद्गारचिन्हं जास्त टाकत होते, दिसायला छान आणि पारंपरिक केशरचनेचं कॅरेक्टर निवडत होते, म्हणजे बाई कशी असते याची त्यांच्या डोक्यातली जी काही कल्पना आहे तिच्याकडे झुकत होते. पण हालचालीत चोरी पकडली गेली! हे लोक खऱ्या बायकांपेक्षा उड्या जास्त मारत होते, मागे मागे जास्त चालत होते, ग्रुपपासून लांब उभे राहत होते. मला विचाराल तर यात नवल नाही, शब्द आपण विचार करून टाइप करतो, पण स्पेसबारवरचा अंगठा काय विचार करतो?

बायकांचा हिशोब वेगळाच असतो, अनेक जणी त्रास नको म्हणून पुरुषाचं कॅरेक्टर किंवा नाव घेतात. 2015 मध्ये छापलेला हेलो 3 या ऑनलाइन शूटिंग गेमवरचा एक प्रयोग आहे, त्यात सोबत खेळणाऱ्यांना तीच वाक्यं एकदा पुरुषाच्या आणि एकदा बाईच्या आवाजात ऐकवली. बाईच्या आवाजावर जास्त तुटून पडले ते स्वतः वाईट खेळणारे, चांगले खेळणारे उलट नीट बोलत होते. त्यामुळे माइक बंद ठेवणारी टीममेट भाव खातेय असं समजू नका राव.

आणि निवडायलाच दिलं नाही तर? रस्ट या गेमने 2016 मध्ये हेच केलं, पुरुष की बाई हे स्टीम (जिथून गेम विकत घेतात ते ऑनलाइन दुकान) अकाउंटच्या नंबरवरून आपोआप ठरणार, बदलायची सोय नाही. तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली, काहींनी चिडून तक्रारी केल्या. माझा तो भाऊ आता रस्ट खेळतो, त्याच्या वाट्याला बाई आलीये. त्रास होतो का विचारलं तर म्हणाला, "कसला त्रास दादा, फर्स्ट पर्सन आहे, मला तर नुसते हातच दिसतात."