फासे आले म्हणजे सगळं नशीबच?

‘ज्या खेळात फासे, तो निव्वळ नशिबाचा; तिथे डोकं चालवून उपयोग नाही,’ असं वर्षानुवर्षं ऐकू येतं. तसं वाटणं साहजिक आहे. हरताना डोळ्यांसमोर शेवटचं दानच असतं ना!

सापशिडीपुरतं ते खरंही आहे, कारण तिथे खेळाडूला निवडच नसते. पण बॅकगॅमन हा दोन फाशांनी सोंगट्या पुढे नेण्याचा पटावरचा खेळ घ्या. दोन फाशांची दानं 36 प्रकारे पडतात. तुमची एकटी सोंगटी प्रतिस्पर्ध्याच्या सोंगटीपासून सहा घरांवर असेल आणि मधली घरं मोकळी असतील, तर ती 17 प्रकारांत मारली जाते: 11 वेळा एका तरी फाशावर सहा, 5-1 आणि 4-2 प्रत्येकी दोनदा, शिवाय 3-3 आणि 2-2 (दोन्ही फाशांवर सारखाच आकडा पडला की तो चार वेळा खेळता येतो). तीच सोंगटी एक घर लांब, सातवर ठेवली तर फक्त 6 प्रकारांत. दान नशिबाचं, पण सोंगटी कुठे उभी करायची हे तुमच्या हातात.

पडताळायचंय? मुद्दाम हरून बघा. सापशिडीत जमणारच नाही, बॅकगॅमनमध्ये सहज जमेल. एकाच डावावर मात्र जाऊ नका. एखादा डाव नवखाही मुरलेल्या खेळाडूकडून जिंकतो. त्याच दोघांचे पन्नासेक डाव वहीत मांडा, मग आकडे बघा.