वायफायने डोकं दुखतं? दुखतं खरं, पण...

राउटर चालू केला की डोकं ठणकतं, मोबाईल कानाला लावला की गाल चुरचुरतो, टॉवर जवळ असला की झोप लागत नाही, छातीत धडधडतं, कशात लक्ष लागत नाही. अशा तक्रारी करणारे लोक जगभर आहेत आणि आधीच सांगतो, ते नाटक करत नाहीत. काहींनी यापायी नोकऱ्या सोडल्यात, घरं बदललीत. त्रास खराच आहे, प्रश्न एवढाच की तो लहरींमुळेच होतो का.

आता यावर नुसता वाद घालत बसलं तर काही निघत नाही, टेस्ट करावी लागते. माणसाला खोलीत बसवायचं, डोक्याला यंत्र लावायचं, सिग्नल कधी चालू कधी बंद, आणि आत्ता काय आहे हे त्यालाही माहीत नाही आणि नोंदी घेणाऱ्यालाही नाही, कारण नोंदी घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरून सुद्धा माणूस ओळखतो. याला डबल ब्लाइंड म्हणतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २००६ मध्ये छापलेला असा एक प्रयोग आहे, त्यात ६० जण मोबाईलने त्रास होतो म्हणणारे आणि ६० जण तसं काही होत नाही म्हणणारे. डोकं दुखलं का? दुखलं की! यंत्र लावलेलं असताना वाढलं आणि वेळ संपल्यावर लगेच उतरलं पण. फक्त सिग्नल नव्हता तेव्हाही तेवढंच दुखलं. त्रास होतो म्हणणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांना खरा सिग्नल असताना 'चालू आहे' असं वाटलं, आणि काहीच नसताना ६३ टक्के लोकांना तसंच वाटलं. काही जणांना तर खोट्या सिग्नलचाच एवढा त्रास झाला की ते मधूनच बाहेर पडले. हे एकच उदाहरण नाही, २०१० च्या आढाव्यात असे एकूण ४६ प्रयोग आणि ११७५ माणसं होती, चित्र साधारण हेच.

मग दुखतं कशाने? प्लासिबो आपल्याला माहीत असतो, साखरेची गोळी घेऊन बरं वाटतं तो. त्याचाच उलटा भाऊ म्हणजे नोसिबो, अपाय होणार अशी खात्री असली की शरीर खरोखर बिघडतं. भीतीने मान-खांदे आखडतात, धडधड वाढते, आपण स्वतःकडे बारीक लक्ष देऊ लागतो आणि एरवी कळलीही नसती ती चुरचुर जाणवते, मग भीती अजून वाढते. २०१३ च्या एका प्रयोगात काही लोकांना वायफायच्या धोक्यांवरची टीव्ही डॉक्युमेंटरी दाखवली आणि नंतर १५ मिनिटं खोटा वायफाय 'चालू' केला, तर प्रयोगातल्या एकूण लोकांपैकी निम्म्याहून जास्त जणांना काही ना काही होऊ लागलं.

फिजिक्सही थोडं बघू. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनपेक्षा (फोटॉन म्हणजे लहरींच्या ऊर्जेचा सगळ्यात छोटा कण) साध्या दिव्याच्या उजेडातल्या फोटॉनमध्ये साधारण दोन लाख पट जास्त ऊर्जा असते. त्यामुळे रेणूंचे बंध तोडणं वगैरे वायफायच्या फोटॉनच्या आवाक्यातलं नाही. ताकद खूप असेल तर शरीर तापतं हे खरं, आणि सुरक्षिततेच्या मर्यादा मुख्यतः त्यावरूनच ठरवल्यात. इथे कुणीतरी हमखास म्हणतं की २०११ मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कॅन्सरकारक' गटात टाकलंय. टाकलंय, मर्यादित पुराव्यावरून, पण तो वेगळा प्रश्न आहे, आज संध्याकाळच्या डोकेदुखीशी त्याचा संबंध नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये सांगितलेलं मला पटतं: आधी नीट तपासणी करा, दुसरा काही आजार नाही ना बघा, आणि सोबत दिव्यांचं फडफडणं, स्क्रीनची चमक, कोंदट हवा, बसायची पद्धत, कामाचा ताण हेही बघा. सगळं खापर राउटरवर फोडलं की खरा आजार तसाच राहून जातो, ही मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटते.

आता आक्षेप असा की लॅबमध्ये माणूस बिचकलेला असतो, सिग्नलही भलताच असतो. रास्त आहे. म्हणून नेदरलँड्समधल्या संशोधकांनी यंत्रच उचललं आणि ४२ जणांची टेस्ट त्यांच्या स्वतःच्या घरी किंवा त्यांना बरं वाटेल अशा जागी घेतली, आणि ज्याला ज्या सिग्नलचा त्रास होतो तोच सिग्नल दिला. एकालाही अंदाजापेक्षा बरं ओळखता आलं नाही. निकाल त्यांना सांगितला आणि काही महिन्यांनी परत विचारलं, तर त्यांची स्वतःबद्दलची खात्री कमी झाली होती आणि त्रासही आधीपेक्षा कमी होता.