मोठे कॅलिपर बसवण्याआधी: जपानी स्पोर्ट्‌स कारच्या मालकांसाठी

"कॅलिपर मोठे टाकायचेत, लाल रंगाचे" असं सांगत (कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) एखादी गाडी आमच्या धुळ्याच्या गॅरेजमध्ये आली, की आम्ही पहिल्यांदा तिचं ब्रेक ऑइल, म्हणजे पेडलचा दाब कॅलिपरपर्यंत नेणारं द्रव, तपासतो. बहुतेक वेळा ते काळपट तपकिरी झालेलं असतं. मालक म्हणतात, "गाडी वर्षभरात तीन हजारसुद्धा चालली नाही." खरं आहे, पण ब्रेक ऑइल किलोमीटरवर नाही, काळावर जुनं होतं. ते हवेतला ओलावा शोषतं. गाडी शेडमध्ये कव्हरखाली उभी असली, तरी पावसाळा तिला चुकत नाही.

ओलाव्याने काय होतं ते आकड्यांत बघा. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक ठरलेला दर्जा) ऑइल कोरडं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये, असा नियम आहे. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी शिरल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय तळाला टेकतो आणि गाडी चालतच राहते. पाच-दहा मिनिटांनी थंड झाल्यावर तेच पेडल पुन्हा ठणठणीत लागतं, म्हणून पुष्कळ लोक तो प्रसंग विसरून जातात. तुमच्या बाबतीत असं एकदाही घडलं असेल, तर आम्हाला नक्की सांगा.

आपल्या भागात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो, डांबर त्याहून तापलेलं असतं, आणि सेंधव्याकडून पळासनेरला येताना बिजासन घाट, कन्नडकडून चाळीसगावला येताना औट्रम घाट उतरावा लागतो. हिशोब साधा आहे. १,६०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवली, की साधारण ६२० किलोज्यूल उष्णता तयार होते. १४० वरून थांबवली, तर जवळजवळ दुप्पट. आणि तीच गाडी ३०० मीटर उंची उतरते तेव्हा, १०० वरून सात-आठ वेळा पूर्ण थांबल्याइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. त्यातली इंजिनाने किती घ्यायची हे तुमच्या गिअरवर आहे. पुढे केळीचा भरलेला ट्रक रांगत असेल आणि तुम्ही वरच्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून मागे मागे येत असाल, तर सगळा भार डिस्कवर पडतो. घाट खालच्या गिअरमध्येच उतरा. याला एक पैसाही लागत नाही.

आता मोठ्या डिस्कबद्दल. घाईचा ब्रेक मारल्यावर एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) थरथरत असेल, तर चाक लॉक करण्याइतकी ताकद तुमच्या मूळ ब्रेकमध्ये आहेच. तिथून पुढे गाडी किती अंतरात थांबेल हे टायर ठरवतात. मोठी डिस्क उष्णता जास्त पेलते, पुन्हा पुन्हा ब्रेक मारले तरी टिकते, हा तिचा खरा फायदा. म्हणून टायर सहा-सात वर्षांचे होऊन कडक झाले असतील, तर आम्ही कॅलिपरची ऑर्डर घेत नाही. आधी टायर.

आमचा क्रम ठरलेला आहे: नवं ऑइल आणि नीट काढलेली एअर, चांगले पॅड, जुने रबरी होज (ऑइल नेणाऱ्या नळ्या) बदलून स्टीलच्या जाळीचे होज. होज जुना झाला की दाबाने फुगतो आणि पेडल ढिलं लागतं. एवढ्यानेच बहुतेक मालकांचं समाधान होतं. पॅड मात्र रेसिंगचे घेऊ नका. ते थंड असताना पकडत नाहीत, आणि गल्लीतून निघताना पहिल्याच वळणावर ब्रेक थंडच असतो.

एवढं करूनही घाटात ब्रेक मंदावत असेल, किंवा तुम्ही गाडी ट्रॅकवर नेत असाल, तर मोठा संच बसवू. त्यात मुख्य गोष्ट पुढच्या-मागच्या चाकांचा तोल. फक्त पुढे मोठ्या पिस्टनचे कॅलिपर लावले, तर जुन्या मास्टर सिलिंडरला (पेडलने चालणारा ऑइलचा पंप) जास्त ऑइल ढकलावं लागतं, पेडल लांब जातं, आणि मागची चाकं आपला वाटा उचलत नाहीत. पुढच्या-मागच्या ब्रेकचं जे प्रमाण धरून कंपनीने एबीएस जुळवलं, तेच बिघडतं. म्हणून त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीचा मूळ संच मिळत असेल, तर आम्ही तोच सुचवतो. उदाहरणार्थ, निसान ३७० झेडच्या साध्या आवृत्तीत पुढची डिस्क ३२० मिमीची, तर स्पोर्ट आवृत्तीत पुढे ३५५ आणि मागे ३५० मिमी, सोबत अकेबोनो कंपनीचे कॅलिपर. मित्सुबिशी इव्हो टेनला तर ब्रेम्बो कंपनीचे कॅलिपर मूळचेच आहेत. तिथे आणखी मोठं काही बसवण्याची गरज आम्हाला दिसत नाही. चाकाचा रिम १८ इंचांपेक्षा लहान असेल तर आधी मापाचा पुठ्ठा लावून बघतो, कारण कॅलिपर स्पोकला घासतो. छिद्रांची डिस्क दिसते छान, पण जास्त तापल्यावर छिद्रांपाशी तडे जातात. साधी किंवा खाचांची घ्या.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. काम हाती घेण्याआधी आरटीओत विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

नवे पॅड-डिस्क बसवल्यावर पहाटे रिकाम्या रस्त्यावर आमचा माणूस तुमच्यासोबत येतो. पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसावेत म्हणून ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, आणि शेवटी ब्रेकवर पाय न ठेवता दहा मिनिटं गाडी सावकाश चालवायची. गरम पॅड डिस्कवर दाबून धरला तर त्या जागी पॅडच्या मालाचा थर बसतो आणि पुढे पेडल थरथरतं. ५०० किलोमीटर झाल्यावर गाडी परत आणा; बोल्ट आणि गळती आम्ही पुन्हा तपासून देतो.