कारभारी हातात कधी येतो?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की आमच्या जळगाव-धुळ्याकडे निंबाच्या सावलीत पत्त्यांचे डाव बसतात. यंदा आमच्या ओट्यावर रमी नव्हती. भाच्याने आणलेला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पत्त्यांचा खेळ होता. 2011 साली आलेल्या या खेळात खेळाडू एकमेकांविरुद्ध नसतात. जिंकले तर सगळे, हरले तरी सगळे. प्रत्येकाने एक ते तीन नायक निवडायचे आणि किमान 50 पत्त्यांचा गठ्ठा स्वतः जुळवायचा. एका नावाचे फार तर 3 पत्ते.

भाच्याने गठ्ठा जुळवला तो निव्वळ ड्वार्फांचा, म्हणजे त्या गोष्टीतल्या बुटक्या लोकांचा. त्याचा नायक डेन आयर्नफुट ताजातवाना उभा आहे (त्याचा पत्ता वापरून आडवा केलेला नाही) तोवर टेबलावरच्या बाकी सगळ्या ड्वार्फांची ताकद वाढते, ते कोणाचेही असोत. म्हणून शेजारच्यानेही ड्वार्फच घ्यावेत हे ओघाने आलंच. पण पोरगा अडला होता ‘स्टुअर्ड ऑफ गोंडोर’साठी. हा कारभारी नायकाला दर फेरीत पत्ते मांडायला लागणारी दोन जादा टोकन मिळवून देतो. सुरुवातीचे 6 पत्ते झाले, पुढे दर फेरीला एक असे 5 झाले, तरी कारभारी नाही. “मामा, आता तरी यायलाच पाहिजे!”

नाणेफेकीत हे म्हणणं साफ चूक. पत्त्यांत त्यात थोडं तथ्य आहे, कारण ओढलेला पत्ता गठ्ठ्यात परत जात नाही. आधी 50त 3 कारभारी होते, म्हणजे पुढचा पत्ता तोच निघण्याची शक्यता 6 टक्के. आता 39त 3, म्हणजे 7.7. वाढ एवढीच! सट्ट्याच्या आकड्यात तर तेवढीही नाही. तिथे प्रत्येक सोडत नव्याने निघते. ‘बरेच दिवस न आलेला’ किंवा स्वप्नात दिसलेला आकडा धरून बसणाऱ्यांच्या घरचे पैसे तेवढे जातात.

आता खरी गंमत. पहिल्या हातात कारभारी न येणं म्हणजे तिन्ही कारभारी उरलेल्या 44 जागांत असणं. पहिल्यासाठी 50पैकी 44 जागा, दुसऱ्यासाठी 49पैकी 43, तिसऱ्यासाठी 48पैकी 42. गुणाकार 0.676. म्हणजे तो येण्याची शक्यता जेमतेम 32 टक्के. पण नियमाप्रमाणे पूर्ण हात एकदा बदलता येतो. दोन्ही वेळा न येणं म्हणजे 0.676 गुणिले 0.676, सुमारे 0.457, म्हणजे येण्याची शक्यता 54 टक्के. हात न बदलता पाच फेऱ्या वाट पाहिली, तर 11 पत्त्यांत तो येण्याची शक्यता 53 टक्के. एकदा हात बदलणं पाच फेऱ्या थांबण्याच्या तोडीचं आहे! मला हे आकडे पुन्हा पुन्हा मांडून पाहावेसे वाटतात.

दोघांनी तीन-तीन कारभारी ठेवले आणि तो आला नाही तर दोघांनीही एकेकदा हात बदलला, तर निदान एकाकडे तो येण्याची शक्यता 79 टक्के होते. तिघांनी ठेवले तर 90, चौघांनी तर 96. चौथ्याच्या तीन पत्त्यांनी भर पडते ती पाचेक टक्क्यांची. शिवाय हा पत्ता एकमेव; अख्ख्या टेबलावर एकच मांडता येतो, बाकीचे हातात पडून राहतात. म्हणून मी म्हटलं, दोघांनीच ठेवा, इतरांनी त्या जागी ड्वार्फ भरा. गठ्ठाही 50चाच ठेवा. 60चा केला की पहिल्या हातात तो येण्याची शक्यता 32 टक्क्यांवरून 27.5 टक्क्यांवर येते.

हा सगळा हिशेब पत्ते नीट पिसलेले असतील तरच खरा. बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 साली दाखवलं, की दोन भाग एकमेकांत मिसळत 52 पत्ते पिसायचे तर साधारण सात वेळा पिसावे लागतात. भाचा तीनदा वरखाली करून वाटायला बसत होता. आता मोठ्याने मोजत पिसतो, आणि सात झाल्याशिवाय कोणाला गठ्ठा कापू देत नाही.